उपटून टाकलेली इरड

शेतीखात्यात विस्ताराचं काम करायचो असं सांगितलं की शहरातले पाहुणे विचारतात, "म्हणजे नेमकं काय करायचात?" आमचे जावईबापू तर लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला तलाठीच समजतात. काम साधं होतं. संशोधन केंद्रात जे नवं निघेल ते छोट्या शेतकऱ्याच्या गळी उतरवायचं. एक सायकल, पिशवीत बियाण्याच्या चार पुड्या, पाठीवर फवारणीचा पंप आणि तोंडात न संपणारं भाषण. एवढ्या भांडवलावर सत्तरच्या दशकातली बहुतेक वर्षं मी काढली. आधी सातारा जिल्ह्यात, मग बदली होऊन सांगलीच्या वरच्या अंगाला. दर गावात माझ्यापेक्षा जास्त शेती कळणारी निदान दहा माणसं असायची. त्यातली निम्मी बायका असतात, हे मला फार उशिरा समजलं.

माणसं मात्र एकेक नमुनेदार भेटली. एक गडी खत फक्त रस्त्याकडच्या चार ओळींना घालायचा, कारण साहेब सायकलवरून खाली उतरत नाही हे त्यानं बरोबर हेरलं होतं. पलटणीतून रिटायर होऊन आलेले एक हवालदार होते. ओळीत पेरा म्हटल्यावर त्यांनी दोरी लावून, काठीनं मापून ज्वारी पेरली. उगवल्यावर मला बांधावर उभं केलं आणि म्हणाले, "तिसऱ्या लायनीत येक जवान कमी हाय. कुनाची चूक? बियाची का आमची?" मी म्हटलं, मुंगीची. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण आज सांगायचं आहे ते गणपततात्यांच्या घराचं. त्याआधी पेरणीविषयी थोडं बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं ज्वारी पाभरीनं पेरतात. बैल ओढतात, मागं पुरुष चाड्यावर, म्हणजे वरच्या लाकडी वाटीवर, बियाची मूठ धरतो आणि बी नळ्यांतून जमिनीत पडतं. ह्या पाभरीच्या मागं दोरीला बांधून आणखी एक सुटी नळी ओढत न्यायची जुनी पद्धत होती. तिला म्हणत मोघण. मोघण धरायची ती घरच्या बाईनं. तिच्या ओटीत तूर, मूग, चवळी, मटकी, हुलगा असं मिसळीचं बी असायचं आणि ज्वारीच्या काही ओळी सोडून एका ओळीत ती ते सोडत चालायची. कडेनं अंबाडी. ही जी मधली ओळ, ती इरड. इरडीत काय पेरायचं हे बाई ठरवणार. पुरुष मागं वळून बघतसुद्धा नसे. जे पिकेल ते खळ्यावर यायचं नाही. भांगलताना, म्हणजे तण खुरपताना, बाया हिरव्या शेंगा खायच्या, पोरांच्या हातात द्यायच्या, आणि वाळलेलं घरी नेऊन राख लावून गाडग्यात भरायच्या. किती पिकलं हे त्यांना कुणी विचारत नसे.

आमच्या पुस्तकात ह्या सगळ्याचा निकाल 'मिश्र पीक' एवढ्या दोन शब्दांत लावलेला होता आणि पुढं 'उत्पादनात घट' असं छापलेलं होतं. मी ते पाठ केलं होतं.

गणपततात्या हा सांगलीकडच्या नेमणुकीतला माझा हुकमी शेतकरी. तीन एकर जिरायत रान, मुलगा फौजेत, घरात म्हातारे तात्या, सून रत्ना आणि तिचा थोरला मुलगा. मी हायब्रीड ज्वारीचं बी घेऊन गावात पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकीचे हसले. तात्यांनी मात्र पोतं खाली उतरवून घेतलं. त्या हायब्रीडला मी आज नावं ठेवणार नाही. दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडून आलेली माणसं होती ती. वीतभर कणसं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते मी पाहिलं आहे.

त्या साली आम्ही तात्यांचा प्लॉट पीक स्पर्धेत घातला. सांगलीहून एक बडे साहेब तपासणीला यायचे होते. आदल्या दिवशी मी बघायला गेलो तर काय, ज्वारीच्या मधून इरड लागलेली. चवळी फुलावर आलेली, मूग शेंगेला. माझं डोकंच फिरलं. स्वच्छ प्लॉट म्हणून मी कागद पाठवला होता.

"तात्या, हे काय?"

"सूनबाईनं घातली. रीत हाय न्हवं," तात्या म्हणाले.

"उद्या साहेबांनी हे बघितलं तर नंबर राहू द्या, नावसुद्धा घेणार नाहीत. आत्ताच्या आत्ता उपटून टाका."

रत्ना बांधावरच होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "सायेब, ही इरड माजी हाय."

मी तिला समजावून सांगितलं. समजावून म्हणजे आम्ही जसं सांगत असू तसं, वरच्या पट्टीत. "अहो, ज्वारी कुणाची आहे? घरचीच ना? दोन पोती जास्त होतील. ती विका आणि बाजारातनं डाळ आणा की."

"उपट गं," तात्या म्हणाले. "शिकल्यालं मानूस सांगतंय."

ती वाकली आणि उपटायला लागली. एका ओळीच्या शेवटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला दिवस गेलेले आहेत. तरी मी थांब म्हणालो नाही. संध्याकाळपर्यंत रान कसं आरशासारखं झालं आणि सगळी इरड म्हशीपुढं पडली. तात्यांना पहिला नंबर मिळाला, बक्षीस म्हणून फवारणीचा पंप मिळाला, आणि मी चावडीपुढं अर्धा तास भाषण केलं. पुढच्या पेरणीला गावातल्या बहुतेक घरांनी मोघणी माळ्यावर टाकल्या. बाया काही बोलल्या नाहीत. बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

एकच रान तेवढं सुधारलं नाही. माळाच्या कडेला आवडाक्का म्हणून एक विधवा म्हातारी होती, तिची अर्ध्या एकराची खडकाळ पट्टी. तीत दहा तऱ्हेची झाडं एकमेकांच्या अंगावर पडलेली असायची. प्रशिक्षणाला माणसं आली की मी त्यांना मुद्दाम तिच्या बांधावर न्यायचो आणि म्हणायचो, "शेती कशी करू नये ते बघून घ्या." माणसं हसायची. आक्का खुरपं चालवत राहायची.

मधे अडीचेक वर्षं गेली असतील. तात्यांच्या घरी चहाला बसलो होतो. भिंतीला टेकवून ठेवलेली एक मुलगी घोंगड्यावर बसली होती. गोबरे गाल, गुबगुबीत पाय. ही मंगल, त्या वेळी पोटात होती ती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बाळसं छान धरलंय की पोरीनं."

रत्ना चहाचा कप ठेवत होती. ती तिथंच खाली बसली. "बाळसं न्हवं, सायेब. दाबून बघा."

मी पोरीच्या पायाला अंगठा लावला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. केस तांबूस आणि विरळ झाले होते. मी एवढं दाबलं तरी ती रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"दोन वर्सं सरली, अजून पाऊल टाकीत न्हाई," रत्ना म्हणाली. "अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. तुमी शिकल्यालं हाय, तुमी सांगा काय करू."

मला काय कळत होतं? पण मिरजेला मोठे दवाखाने आहेत एवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं रत्ना, मंगल आणि मी निघालो. तात्या आले नाहीत. मिरजेला डॉक्टरीण बाईंच्या खोलीबाहेर दोन तास बसून होतो. एवढ्या वेळात मंगलनं एकदाही काही मागितलं नाही. आजूबाजूची पोरं दवाखाना डोक्यावर घेत होती.

डॉक्टरीण बाई वयस्क होत्या. त्यांनी पोरीचे पाय बघितले, डोळे बघितले आणि विचारलं, "हिला काय खायला देता?"

"भाकरी. च्यात चुरून. कवा चटनी."

"दूध?"

"डेरीला जातं."

"डाळ, कडधान्य?"

"सनासुदीला इकत आनतो."

"थोरल्याला काय देत होतात? तो बरा आहे म्हणता ना?"

"त्येला लय काय काय देत हुते," रत्ना म्हणाली. "मुगाचं कढान, चवळीच्या शेंगा, हुलग्याचं माडगं. अंबाडीची भाजी तर रोजची."

"मग हिला का नाही?"

रत्नानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सांगणार. तिनं नजर खाली घातली आणि म्हणाली, "आता रान सोच्च असतं, बाई."

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "औषधानं फार होणार नाही. पोटात डाळ, शेंगा, पाला गेला तर ही चालायला लागेल. नाही गेला तर साध्या तापात पोर हातची जाईल." मला ती खोली सोडून पळून जावंसं वाटलं. इतकी वर्षं मी एकरी किती पोती हेच मोजत होतो. ताटात काय पडतं ते बघणं माझं काम आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी रत्नाला म्हटलं, "इरड परत घाला."

"बी कुठाय?" ती म्हणाली. "दोन वर्सात गाडगी रिकामी झाली. आन मामंजी मोघन धरू देतील व्हय?"

बी म्हटल्यावर आवडाक्काशिवाय गावात दुसरं नाव नव्हतं. तिच्या खोपटापुढं जाऊन उभा राहिलो. म्हातारीनं वर बघितलं. "या, सायेब. आज किती मानसं आनलीसा माज्या रानाला हसाय?"

"एकटाच आलोय, आक्का. बी मागायला."

मी सगळं सांगितलं. मिरजेचं, मंगलचं आणि माझंही. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग म्हणाली, "बी हाय. पर तुमाला देनार न्हाई. इरडीचं बी बाप्याच्या हातात देत न्हाईत आमच्यात. वटीतनं वटीत जातं ते. रत्नीला धाडा." असं म्हणून आत गेली आणि फडक्यात बांधलेलं मुगा-हुलग्याचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. "ह्ये शिजवायचं हाय. ह्ये न्यायला बाप्या चालतो. पेरल्यालं उगवंल तवा उगवंल, पोरीला आजपास्नं घाला."

पोटभर लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ते गाठोडं सायकलच्या कॅरेजला बांधून मी तात्यांकडं आलो.

तात्या ऐकेनात. ऐकणार तरी कसे? "दरसाल नंबर काढतोय मी, सायेब. सगळा गाव माजं रान बघून पेरतोय. आन आता तुमी म्हनताय, इरड घाला. आज येक, उद्या येक. लोक तोंडात शेन घालतील माज्या."

"तात्या, नातीचा जीव आहे."

"जीव हाय म्हनून तर इकत आनून घालतोय न्हवं डाळ." आणत होते तेही खरं, पण आठवड्याला पावशेर, आणि ती आधी पुरुषांच्या ताटात पडायची. रत्ना दाराआडून बोलली, "मामंजी, इकतची डाळ मला मागावी लागती. इरड मागावी लागत न्हवती." सासऱ्यापुढं ती एवढं बोललेली मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तात्यांनीही नसावं. शेवटी ते म्हणाले, "सायेब, माजं ऱ्हाऊ द्या. चूक कुनाची, ते तुमी चारचौघांत सांगा. मग मी मोघन खाली काढतो."

सरकारी माणसानं चावडीपुढं उभं राहून चुकलो म्हणायचं, हे आमच्या नोकरीत कुठंच बसत नव्हतं. योजना बदलते, सुधारते, तिला मुदतवाढ मिळते. ती चुकत नाही. दोन दिवस मी वरिष्ठांना काय सांगायचं ह्याचाच विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी खताच्या बैठकीला माणसं जमली होती, तेव्हा उभा राहिलो आणि सांगितलं. इरड मोडायला मी लावली, ते चुकलं. ज्वारी हायब्रीडच ठेवा, पण मधली ओळ बायकांना परत द्या. तुरीचा पाला गळतो, त्यानं जमिनीचा कसही टिकतो. आणि तात्यांच्या मंगलला काय झालंय तेही सांगितलं.

कुणी हसलं नाही. मागं उभ्या असलेल्या बायांत थोडी कुजबूज झाली. एकीनं कडेवरच्या पोराच्या पायावर हळूच अंगठा दाबून बघितला. ते मी अजून विसरलो नाही.

ते वहीवाले हवालदार ह्याच गावचे, ते उठले. "मंग आता आर्डर काय?"

"ऑर्डर नाही, हवालदार. घरात विचारा."

"घरात?" ते म्हणाले, आणि हेही वहीत लिहून घेतलं.

पेरणीच्या दिवशी मी मुद्दाम तात्यांच्या रानात गेलो. रत्ना आदल्या दिवशी आवडाक्काकडून ओटी भरून घेऊन आली होती. तात्यांनी चाड्यावर मूठ धरली, रत्ना मागं मोघण धरून चालली, आणि तात्यांनी रिवाजाप्रमाणं मागं बघितलं नाही. फक्त बांधापाशी, जिथं मंगल घोंगड्यावर बसवलेली होती, तिथं दर खेपेला बैल थोडे जास्तच थांबायचे.

त्या वर्षी बडे साहेब आले आणि प्लॉट बघून जीपमधून न उतरताच परत गेले. मला खरमरीत मेमो आला. तात्यांचा नंबर गेला. तात्या म्हणाले, "पंप हाय की आपल्याकडं. दुसरा घिऊन काय पाठीवर दोन बांधू?"

गणपती येऊन गेले असतील. भांगलण चालली होती, मी बांधावर बसलो होतो. रत्नानं मंगलला चवळीच्या ओळीपाशी बसवलं होतं. सूज उतरली होती, त्यामुळं पोर उलट हडकुळी दिसत होती. शेंगा हाताला लागेनात म्हणून ती किरकिरायला लागली. ती किरकिरतेय ह्याचंच मला केवढं समाधान वाटलं. मग तिनं ज्वारीचं ताट धरलं, उठून उभी राहिली, आणि शेंगेकडं एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला पडली. रत्ना खुरपं टाकून धावली नाही. जागच्या जागी मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडलो. साहेब रडतोय म्हणून बाया हसायला लागल्या, हसू द्या म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात रत्ना म्हणाली, "माहेरला बी दिऊन यायचं हाय, सायेब. दादानंबी इरड मोडलीया." गाव कुठलं विचारलं तर सातारा जिल्ह्यातलं, माझ्या पहिल्या नेमणुकीतलं. तिच्या दादाला मी चांगला ओळखत होतो. तिथला माझा पहिला हायब्रीडवाला तोच. मला त्या बाजूला कामही होतं, म्हणून बरोबरच गेलो.

दादाच्या अंगणात मंगल एस.टी.त आंबलेले पाय मोकळे करत कोंबडीमागं पळायला लागली. रत्नाची वहिनी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. पुढच्या महिना-दीड महिन्यात बाळंत होईल अशी दिसत होती. तिनं मंगलकडं बघितलं आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"वन्सं, हीच न्हवं चालत न्हवती ती?"

रत्नानं मान हलवली. वहिनीनं मग पाय सुजले होते का विचारलं, केस तांबूस झाले होते का विचारलं. सगळ्याला रत्ना व्हय म्हणत गेली. ह्यांचा एक मुलगा आदल्या साली तापानं गेला होता, एवढं रत्नाला माहीत होतं. तिनं ते मला वाटेत सांगितलंही होतं. वहिनी माझ्याकडं वळून म्हणाली, "आमच्या दिल्याचं बी असंच झालं हुतं, सायेब. आमी बाळसं म्हनायचो."

 तिनं मला पाणी दिलं. मग रत्नापुढं जाऊन पदराची ओटी पसरली आणि रत्नानं तीत बी घातलं. ओटी सावरत ती म्हणाली, "ह्यांना तुमी सांगा. तवा तुमीच सांगितलं हुतं, आता बी तुमचंच ऐकतील."

तिचा नवरा सोप्यात बसला होता. आमचं बोलणं त्यानं ऐकलं होतं की नाही, कळत नव्हतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. चावडीपुढं जे बोललो होतो तेच बोलायचं होतं, पण तिथं एक मूल वाचायचं होतं. इथं गेलेलं होतं. तरी बोललो. इरड मोडायला मी सांगितलं, ते चुकलं. दिलीपच्या नावासकट सगळं बोललो.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग अंगणात पळणाऱ्या मंगलकडं बघितलं. म्हणाला, "किती वळीला येक घालायची?"

मी दाराकडं बघितलं. त्याची बायको ओटी धरून उंबऱ्यात उभी होती.

"सा वळीला येक," ती म्हणाली. "आन कडंनं अंबाडी."

"बरं," तो म्हणाला, आणि मोघण खाली काढायला उठला.